उणे वीसचा कॅन आणि उणे बाराची सकाळ

तीन दिवस, दोन खिंडी आणि बहुतेक वाट बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्याची. टायरला लावायच्या साखळ्या, फावडं, जाड पांघरुणं असं सगळं बरोबर होतं. तरी अडलो ते काचेवर मारायच्या पाण्यापायी. याच दिवसांत डोंगराकडे गाडी नेणार असाल, तर एवढं वाचून निघा.

पहिल्या दिवशी बाहेर उणे तीन अंश सेल्सियस होतं. पुढच्या ट्रकच्या चाकांतून उडणारा मिठाचा राडा काचेवर बसायचा, वाळून पांढरा पडायचा आणि समोरून ऊन आलं की काहीच दिसायचं नाही. दर दोन-तीन मिनिटांनी वॉशर, म्हणजे काचेवर पाण्याचा फवारा, मारत होतो. काच स्वच्छ होत होती, म्हणून निश्चिंत होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे दरीतून निघालो. थंड हवा जड असते, रात्रभर खाली उतरून साचते, त्यामुळे वर खिंडीत उणे सात असताना खाली उणे बारा होतं. गाडी सत्तरच्या वेगात होती. वॉशर मारला, वायपर एकदा फिरला आणि अख्खी काच दुधासारखी झाली.

"ताई, काही दिसत नाहीये!"

"ब्रेक दाबू नकोस एकदम. हॅझर्ड लाव, हळूहळू कडेला घे. माझ्या बाजूची कडा दिसतेय, मी सांगते."

ती शेजारी होती म्हणून निभावलं. त्या चार-पाच सेकंदांची आठवण अजून अंगावर काटा आणते.

चूक कुठे झाली ते थांबल्यावर कळलं. मी "उणे २०" लिहिलेलं तयार फ्लुइड दोन लिटर ओतलं होतं, पण टाकीत आधीचं साधं पाणी दीडेक लिटर होतंच. उणे वीसपर्यंत न गोठणाऱ्या मिश्रणात वजनाने साधारण ३० टक्के इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, लागतं. माझ्या टाकीत ते १७ टक्क्यांवर आलं, म्हणजे गोठणबिंदू उणे नऊच्या आसपास. कॅनवरचा आकडा कॅनमधल्या फ्लुइडचा असतो, टाकीतल्या नव्हे.

आणि टाकीत निव्वळ उणे वीसचं असतं तरी उणे बाराला मी त्यावर विसंबलो नसतो. काचेवर पातळ थर पसरतो, वारा लागतो आणि अल्कोहोल पाण्याच्या आधी उडून जातं. उडताना ते काचेची उष्णताही घेऊन जातं. मागे उरतं ते जास्त पाणी, तेही आणखी थंड काचेवर. म्हणून जिथे जायचं तिथल्या सर्वांत थंड पहाटेच्या अंदाजापेक्षा निदान दहा-पंधरा अंश खालचं फ्लुइड घ्या. काच आतून गरम झाल्याशिवाय बटणाला हात लावू नका.

नोझल, म्हणजे फवारा उडवणारी बारीक तोटी, गोठली होती, त्यामुळे टाकी तिथेच रिकामी करता येईना. कॅनमध्ये उरलेलं फ्लुइड फडक्यावर घेऊन हाताने काच पुसत पेट्रोल पंपापर्यंत आलो. गोठलेल्या अवस्थेत बटण दाबत राहिलं तर पंप किंवा फ्यूज जातो, म्हणून ते टाळलं. इंजिनच्या उबेने तासाभरात नोझल सुटली. जुनं सगळं फवारून संपवलं, उणे चाळीसचं भरलं आणि नळीतलं जुनं पाणी जाऊन नव्याचा वास येईपर्यंत वॉशर चालू ठेवला. ही शेवटची पायरी विसरू नका. टाकी बदलली तरी नळीत जुनंच असतं.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी मिसळून वापरायचं दाट फ्लुइड, घेतलं तर प्रमाण कॅनवरच्या तक्त्यावरून घ्या आणि पाणी डिस्टिल्ड वापरा. जड पाण्याचे क्षार बारीक नोझल बंद करतात. हेडलाइट पॉलिकार्बोनेटचे असतात, त्यांना चालेल असं कॅनवर लिहिलंय का बघा. रेडिएटरचं कूलंट टाकीत कधीच ओतू नका, त्याचा तेलकट पट्टा काचेवर राहतो आणि त्यातलं ग्लायकॉल विषारी असतं. भांड्यांचा साबणही नको, फेस होतो आणि गोठणं थांबत नाही.

मिथेनॉलचं स्वस्त फ्लुइड मी घेत नाही. गोठण्याच्या बाबतीत ते उत्तम, पण पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. युरोपीय संघाने ०.६ टक्के किंवा त्याहून जास्त मिथेनॉल असलेलं वॉशर फ्लुइड सामान्य ग्राहकांना विकायला मे २०१९ पासून बंदी घातली आहे. फ्लुइड कुठलंही असो, मूळ कॅनमध्येच ठेवा, प्यायच्या पाण्याच्या बाटलीत नको. फवारताना आतली हवा रिसर्क्युलेशनवर ठेवा, म्हणजे बाहेरची हवा आत न घेता आतलीच फिरते आणि वास कमी येतो.

परतीच्या वाटेवर उणे चौदाला पुन्हा वॉशर मारला. काच ओली राहिली, गोठली नाही. तीन दिवसांत एकूण सहा लिटर लागलं, तेव्हा डिकीत पाच लिटरचा एक जादा कॅन असू द्या. निघायच्या आदल्या रात्री टाकीतलं थोडं बाटलीत काढून घरच्या फ्रीझरमध्ये ठेवा, तिथे साधारण उणे अठरा असतं. सकाळी त्यात बर्फाचे कण दिसले, तर टाकी रिकामी करूनच निघा.