जे नेले तेच परत आणले, हे कागदावर दाखवताना

चित्रीकरणाचे सामान घेऊन परदेशी जाण्याची वेळ माझ्यावर प्रथम आली, तेव्हा आपण काही विकायला चाललेलो नाही, एवढे सांगितले की काम भागेल, अशी माझी समजूत होती. सीमाशुल्क अधिकाऱ्याला मात्र आपल्या हेतूशी कर्तव्य नसते; जी वस्तू आत आली तीच बाहेर गेली, हे त्याला कागदावर दिसावे लागते. यासाठी रुळलेला कागद म्हणजे एटीए कार्नेट. १९६१ च्या ब्रुसेल्स करारातून निघालेला हा दस्तऐवज करार मानणाऱ्या देशांत आयात शुल्क न भरता सामान तात्पुरते नेऊ देतो आणि त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची असते. व्यवसायाची उपकरणे, व्यापारी नमुने आणि प्रदर्शनातल्या वस्तू प्रामुख्याने त्यावर जातात. तिकडेच वाटून किंवा खाऊन संपणारे सामान नाही.

अर्ज सहसा वाणिज्य मंडळाकडे करावा लागतो आणि त्यासोबत तारणही द्यावे लागते. खरी मेहनत असते ती ‘सामान्य यादी’त, म्हणजे न्यायच्या सगळ्या सामानाच्या यादीत, कारण प्रत्येक वस्तूचे वर्णन, नग, वजन, किंमत आणि मूळ देश तिच्यात लिहावे लागतात. मी ‘लेन्स, ३ नग’ असे मोघम लिहिले आणि अर्ज परत आला. मग प्रत्येक लेन्स पुसून, तिच्या कडेवरचा बारीक अनुक्रमांक भिंगाखाली वाचून यादी पुन्हा केली. तरीही एक चूक राहिलीच. एक कॅमेरा दुरुस्तीला दिला असता त्याऐवजी दुसरा बदलून मिळाला होता आणि मी क्रमांक उतरवला होता तो जुन्या बिलावरून. निघण्याच्या दिवशी अधिकाऱ्याने कॅमेरा उलटा करून बॅटरीने तळ पाहिला आणि काही न बोलता तो बाजूला ठेवला. कार्नेट दिल्यानंतर यादीत भर घालता येत नसल्याने तो कॅमेरा घरीच राहिला. राग आला, पण तो माझ्यावरच काढण्यासारखा होता.

कार्नेटमधली पिवळी पाने आपल्या देशातून निर्यात आणि पुनर्आयात करताना लागतात, पांढरी परदेशातल्या आयात आणि पुनर्निर्यातीसाठी आणि निळी वाटेतल्या देशांतून सामान नेताना. अधिकारी पानाचा व्हाउचर हा भाग फाडून घेतो, कार्नेटमध्येच राहणारा भाग, म्हणजे स्थळप्रत, मात्र शिक्क्यासह आपल्याकडे राहते. परतताना सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्याआधीच पांढऱ्या पानावर शिक्का घ्यावा, कारण तो राहिला तर सामान तिथेच विकले असे गृहीत धरून शुल्काची आणि वर त्या शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत रकमेची मागणी निघू शकते. ती कार्नेटची मुदत संपल्यानंतर एक वर्षापर्यंत येऊ शकते, म्हणजे आपण प्रवास विसरूनही गेलेले असतो. अशा वेळी आपल्या देशात पुनर्आयातीच्या स्थळप्रतीवर झालेली नोंद पुरावा म्हणून कामी येते. म्हणून घरी परतण्याच्या घाईत आपल्या देशातली सीमाशुल्काची खिडकी चुकवू नये.

आणखी एक गोष्ट अर्ज भरताना कोणी सहसा सांगत नाही. कार्नेट हा शुल्कापुरता कागद आहे. हस्तिदंताच्या पट्ट्या असलेले जुने वाद्य न्यायचे असेल, तर वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावरील साइट्स कराराखालचे प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते आणि तिथेही वाद्याची ओळख तितक्याच बारकाईने पटवावी लागते.

काम आटोपल्यावर कार्नेट ज्यांनी दिले त्यांना परत करायचे असते. मी माझे कपाटात ठेवून दिले होते आणि तारण अजून का सुटत नाही, याची चौकशी करत बसलो होतो.