मधली तेरा वर्षं

या डिसेंबरमध्ये आमच्या लग्नाला नऊ वर्षं होतील आणि अजून घरात पाळणा हललेला नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे वाचताना अंदाज बांधत बसायला नको. चर्चमध्ये बायका भेटल्या की हात हातात घेतात, "धीर धर गं, देवाच्या वेळेला सगळं होतं." खरं सांगू? पहिली दोन-तीन वर्षं ऐकून बरं वाटायचं, नंतर उपासना संपली की मी मागच्या दाराने सटकायला लागले. म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं, पण बहुतेकींच्या कडेवर नातवंड असतं.

तर मागच्या महिन्यात नाइट ड्यूटीला, रात्री अडीचच्या सुमारास, सलाइन बदलून झाल्या होत्या, वॉर्ड शांत, म्हणून मोबाइलवर बायबलचं पहिलं पुस्तक, उत्पत्ती, वाचत बसले. अब्राहामाची गोष्ट संडे स्कूलपासून पाठ आहे, देवाच्या शब्दावर 75व्या वर्षी घर सोडून निघाला, 100व्या वर्षी बायको सारायला मुलगा झाला, इसहाक, संपलं. पण त्या रात्री सोळाव्या अध्यायाची शेवटची ओळ वाचली, दासी हागारेला त्याच्यापासून इश्माएल झाला तेव्हा अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) 86 वर्षांचा, आणि पुढे गेले तर सतरावा सुरूच होतो तो 99 वर्षांचा असताना! मधली तेरा वर्षं कुठे गेली? एक अक्षर नाही त्यांच्याबद्दल. माझा अंगठा एकदा वर सरकला, तेवढ्यात झाली. आणि साराय तिकडे रोज हागारेचं पोर तंबूबाहेर खेळताना बघत असणार ना.

मूल व्हावं म्हणून स्वतःची दासी नवऱ्याला दिली, यासाठी पूर्वी मला सारायचा राग यायचा. आता नाही येत. देवाने दाखवलेल्या कनान देशात येऊन दहा वर्षं झाली होती तोपर्यंत, आणि मी तर चौथ्याच वर्षी कुणीतरी सुचवलेल्या वैद्याच्या पुड्या घेतल्या, नर्स असून, नवऱ्यालाही न सांगता, आणि आठवडाभर पोट धरून पडले होते.

आमच्याकडे प्रवचनात वाट बघण्याचं उदाहरण म्हणून मिशनरी विल्यम कॅरे हमखास येतो. 1793 ला बंगालमध्ये आला, आणि त्यांच्या कामातून ख्रिस्ती झालेला पहिला बंगाली माणूस, कृष्ण पाल नावाचा सुतार, त्याचा बाप्तिस्मा झाला डिसेंबर 1800 मध्ये, श्रीरामपूरला, हुगळी नदीत. सात वर्षं. पण प्रवचनात एक गोष्ट सांगत नाहीत. त्या सुताराचा निखळलेला हात बसवला होता डॉक्टर जॉन थॉमसने, तो कॅरेच्याही आधीपासून तिथे होता, म्हणजे त्याने जास्त वाट बघितलेली. आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी हा थॉमस कुठे होता? त्याच सुमाराला त्याचं मानसिक संतुलन बिघडलं होतं, त्याला खोलीत बंद करून ठेवावं लागलं होतं. ज्या दिवसासाठी इतकी वर्षं काढली तो दिवस त्याला बघायलाच मिळाला नाही. हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर बरं झालं असतं, निदान वाट बघताना माणूस मोडतो आणि तरी तो देवाचाच असतो एवढं तरी कळलं असतं. धीर म्हणजे कायम हसतमुख राहणं असं कुणी ठरवलंय काय माहीत.

बायबलमधल्या स्तोत्र 130 मध्ये पहाटेची वाट बघणारे पहारेकरी आहेत, आणि ती ओळ लागोपाठ दोनदा येते. पाळकसाहेब म्हणतात जोर देण्यासाठी. मला वाटतं लिहिणाऱ्याने घड्याळ दोनदा बघितलं असणार. नाइट करणाऱ्यालाच कळेल, चारनंतरचा तास हलतच नाही. झोप डोळ्यात, खिडकीबाहेर काळंकुट्ट, आणि तरी बीपी घ्यायचंच असतं, चार्ट भरायचाच असतो, कुणाची तरी चादर ओली झालेली असतेच.

त्या रात्री मोबाइल खिशात टाकला आणि राउंडला उठले. सात नंबरच्या आजी जाग्या होत्या.

"उजाडलं का गं सिस्टर?"

"नाही आजी, आत्ताशी चार वाजतायत."

"बरं, मग जरा पाणी दे."