मी वरून बघत होतो

"साहेब, सॉलिड खाली बसलंय."

तारापूरच्या केमिकल कारखान्यात नाइट शिफ्ट होती. मी रिॲक्टरच्या साइट ग्लासमधून, म्हणजे वरच्या काचेच्या खिडकीतून, टॉर्च मारून आत बघत होतो. वरून सगळं छान गरगर फिरताना दिसत होतं, म्हणून आमच्या ऑपरेटर मामांचं म्हणणं मला पटेना. त्यांनी पितळी पाना घेतला आणि बॉटम व्हॉल्व्हच्या मानेवर, म्हणजे तळातून व्हॉल्व्हपर्यंत उतरणाऱ्या आखूड नळीवर, हलकेच ठोकला. बद्द आवाज आला. मान गच्च भरली होती.

आत ॲसिटोन होतं आणि त्यात पोटॅशियम कार्बोनेटची पावडर. कार्बोनेट ॲसिटोनच्या तिप्पट जड, आणि त्यात विरघळत जवळजवळ नाहीच. लॅबमध्ये सहा तासांत संपलेली रिॲक्शन इथे चौदा तासांनंतरही रेंगाळत होती. तळाशी थर धरून बसलेलं कार्बोनेट कामाला येणार कसं?

मी नवा होतो. म्हटलं, स्टिररचे, म्हणजे ढवळणीचे, आरपीएम वाढवा. पण वेग वीस टक्के वाढवला की पॉवर पावणेदोनपटीच्या आसपास जाते, घनाचा हिशेब असतो तो. मोटर ट्रिप झाली. मामा काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

खरा घोटाळा स्टिररचा होता. त्या व्हेसलमध्ये आधी घट्ट रेझिन व्हायचं, म्हणून अँकर, म्हणजे भिंतीलगत फिरणारा नांगराच्या आकाराचा स्टिरर, बसवलेला. द्रवाचं गोल फिरणं अडवणारी भिंतीवरची उभी पट्टी, म्हणजे बॅफल, एकही नाही. अँकर पातळ द्रव नुसता गोल फिरवतो, तळातून वर उचलत नाही. चहाच्या कपात चमचा फिरवला की पावडर तळाच्या मध्यभागी गोळा होते ना, त्यातलाच प्रकार. (त्याचं कारण आइनस्टाइनने १९२६ साली नद्यांच्या वळणांबद्दल लिहिताना सांगितलंय.)

कण तळावरून उचलायला स्टिरर किती वेगाने फिरवावा लागतो, याचं झ्विटरिंगचं १९५८ चं सूत्र कॉलेजात पाठ केलं होतं. माटुंग्याच्या यूडीसीटीत (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, आताची आयसीटी) ज्येष्ठराज जोशी सरांच्या गटाने यावर पुढे बरंच काम केलं, तेही वाचलेलं. झ्विटरिंगची कसोटी साधी आहे: एकही कण तळाशी एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकता कामा नये. म्हणजे बघायचं तळाकडे. मी बघत होतो वरून.

पुढच्या शटडाउनला पंचेचाळीस अंशांत वळवलेल्या पात्यांचा, द्रव खाली ढकलणारा स्टिरर आला. भिंतीला चार बॅफल लागले. बॉटम व्हॉल्व्हही बदलला. आता तो तळाच्या पातळीतच बंद होतो, त्यामुळे मानेत काही साचत नाही. पुढची बॅच साडेसात तासांत झाली.

सहाचे साडेसात का, हे लॅबमध्ये कळलं. तिथे मॅग्नेटिक स्टिररची कांडी काचेच्या तळाशी कार्बोनेट चक्क दळत होती. बारीक पीठ झालेलं कार्बोनेट लवकर लागू पडणारच. आता लॅबवाल्यांना सांगून ठेवलंय, कांडी नको, वरून पातं लावा. आणि फ्लास्कखाली आरसा ठेवा.