मत भाऊसाहेबांना, विलीनीकरणाला नाही

निवडणूक जिंकली की प्रत्येक पक्ष म्हणतो, "जनतेने आम्हाला यासाठीच कौल दिलाय." यासाठी म्हणजे नक्की कशासाठी, ते मात्र जिंकलेलाच ठरवतो. हे ऐकलं की मला दरवेळी गोवा आठवतो, १९६७ चा.

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक म्हणजे मगो पक्ष सत्तेत आला, ज्याचा मुख्य मुद्दाच महाराष्ट्रात विलीनीकरण हा होता. मग भाऊसाहेबांचं म्हणणं सरळ होतं की लोकांनी आम्हाला निवडून दिलंय, आता सभागृहात ठराव करू आणि विषय संपवू. प्रातिनिधिक लोकशाहीच्या हिशोबाने यात चूक काही नाही. पण जॅक सिक्वेरांचा विरोधी पक्ष युनायटेड गोवन्स अडून बसला की एवढी मोठी गोष्ट तीस आमदारांनी ठरवायची नाही, थेट लोकांना विचारा. (तत्त्व होतंच, पण सभागृहात आकडे आपल्याकडे नाहीत हेही त्यांना दिसत होतं, उगाच सोवळं कशाला!) शेवटी दिल्लीने मानलं, १९६६ च्या डिसेंबरात संसदेने कायदा केला, कौल नीट व्हावा म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान. मतपत्रिकेवर उमेदवार कोणी नाही, फक्त दोन चिन्हं. फूल म्हणजे महाराष्ट्रात जायचं, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहायचं. फुलाला १,३८,१७० मतं पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी बारगळलं.

आता खरी गंमत. त्याच मार्चमध्ये परत विधानसभा निवडणूक झाली आणि ३० पैकी १६ जागा घेऊन परत मगोच आला, मुख्यमंत्री परत भाऊसाहेबच! मतदार तेच, वर्षही तेच. म्हणजे कितीतरी लोकांना भाऊसाहेब हवे होते, कुळांना जमीन हवी होती, गावोगाव शाळा हव्या होत्या, पण महाराष्ट्राचा एक जिल्हा होऊन राहायचं नव्हतं. माडाची सूर म्हणजे माडी काढणाऱ्या रेंदेरांना तर महाराष्ट्रातल्या दारूबंदीचीच धास्ती होती. थाळी मागवली म्हणून त्यातलं कारलं आवडतंच असं नाही ना, पण निवडणुकीत अख्खी थाळीच घ्यावी लागते, एकेक वाटी वेगळी मागायची सोय फक्त अशा थेट कौलात.

म्हणून मग सगळंच थेट लोकांना विचारा, असं म्हणणारे भेटतात, त्यांचं मला पटत नाही. एक तर प्रश्न कोण लिहिणार? गोव्याच्या त्या मतपत्रिकेवर स्वतंत्र घटकराज्य हा पर्यायच नव्हता, फूल नाहीतर पानं, बास. घटकराज्य मिळालं ते पार ३० मे १९८७ ला. आणि दुसरं म्हणजे हो-नाहीत हरणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही. भाषेचा वाद बघा, कोकणी की मराठी यावर गोवा किती पेटला होता. त्यावर असाच कौल घेतला असता तर एक बाजू पूर्ण जिंकली असती आणि दुसरी कायमची दुखावली असती. १९८७ च्या राजभाषा कायद्यात आमदारांनी घासाघीस करून राजभाषा कोकणी ठेवली पण सरकारी कामात मराठीही वापरता येईल अशी तरतूद केली. दोन्हीकडचे थोडे थोडे नाराजच राहिले, पण हे असलं अर्धंमुर्धं जमवणं फूल-पानांच्या मतपत्रिकेला कधीच जमलं नसतं, ते चार माणसं एका खोलीत बसून भांडली तरच होतं.

माझ्यापुरतं मी असं धरलंय की आपण कुठल्या राज्यात राहायचं यासारखं, एकदा झालं की मागे न फिरणारं काही असेल तर थेट विचारावं, बजेट आणि रोजचे कायदे आमदारांकडेच बरे.

आपल्याकडचे काही लोक अजून म्हणतात की गोव्यात कौल घ्यायलाच नको होता. बरं, पण मग बेळगावचं काय? तिथे महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार किती वर्षं निवडून येत होते, त्यांचं निवडून येणं दिल्लीला पुरेसं वाटलं नाही, आणि लोकांना थेटही कोणी विचारलं नाही. १९६६ च्या ऑक्टोबरात, म्हणजे गोव्याच्या कौलाला तीन महिनेही नव्हते तेव्हा, तिथे सीमावाद सोडवायला महाजन आयोग नेमला गेला.