भोक मोठं केलं की झालं?

“भोक थोडं वाढवलं की बसेल ना, काका?” दांडिया बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात आज एक मुलगा विचारत होता. हातात जुनं स्नोबोर्ड बाइंडिंग, म्हणजे बर्फावर घसरायच्या फळीवर बूट आवळून धरणारं साधन, सोबत त्याचा पायाच्या बोटांवरचा नवा पट्टा. गुलमर्गला निघालाय.

बसेल हो. पण खरी अडचण दातांची आहे. पट्ट्याच्या नव्या दातेरी पट्टीच्या दातांमधलं अंतर जुन्या रॅचेटशी, म्हणजे ती पट्टी ओढून अडकवणाऱ्या खटक्याशी, जुळलं नाही, तर घरात घट्ट वाटतं आणि उतारावर वळताना जोर आला की सटकतं. पट्टी आणि रॅचेट जोडीनंच बदलावं.

भोक अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने वाढवा, ड्रिल हळू फिरवा. वेगात प्लास्टिक वितळतं आणि भोक वेडंवाकडं होतं. स्क्रू लांब झाला तर टोक बुटाला घासतं, आखूड झाला तर जेमतेम दोन आटे धरतात. रुंद वॉशर हवाच. थ्रेडलॉकर (स्क्रूचे आटे पक्के चिकटवणारा द्रव) टाळा, काही प्लास्टिकला त्याने बारीक तडे जातात. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला नट, बरा.

घोट्याच्या पट्ट्याचं भोक काठाजवळ असेल तर मात्र ड्रिल नकोच. सगळा भार तिथेच येतो.

जुनी वस्तू चालती ठेवायची ही धडपड मला फार आवडते. पट्टीच्या पाकिटावर दातांचं माप छापायला काय हरकत आहे?