बाई, तुम्ही पण?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कुणी एक नाही. जुने विद्यार्थी, शेजारची सून, पुण्याचा भाचा, परवा तर एक रिक्षावालासुद्धा. प्रश्न थोड्याफार फरकानं तोच. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंत, घरात देव्हारा नाही, उपास नाहीत, मार्गशीर्षातले गुरुवार नाहीत, मग गड्ड्याच्या दिवसांत नंदीध्वजापुढं घागर घेऊन कशा काय उभ्या असता? एका विद्यार्थ्यानं तर बाराबंदीच्या वेशात, भर मिरवणुकीत, अस्सल सोलापुरीत विचारलं, “बाई, तुम्ही बी पाणी ओतलालाव?” पुढचे ढकलत होते म्हणून तो सटकला आणि माझं उत्तर राहून गेलं.

सोलापूरबाहेरच्यांना आधी थोडं सांगायला हवं. आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, १२व्या शतकातले शिवयोगी, बसवण्णांच्या काळातले, कन्नड वचनकार. गावाचं तेव्हाचं नाव सोन्नलगी. संक्रांतीच्या आगेमागे त्यांची यात्रा भरते, ती गड्डा यात्रा. गावात आणि गावाभोवती त्यांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला यण्णीमज्जन म्हणतात. भोगीला तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता, संक्रांतीला होम, मग शोभेचं दारूकाम. होम मैदानावर पाळणे, खेळणी आणि खाण्याची दुकानं असतात ती वेगळीच. पोरांच्या लेखी गड्डा म्हणजे तेवढंच, आणि त्यांचं काही चुकत नाही.

उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत, माळी आहेत, मातंग आहेत. नंदीध्वज म्हणजे सजवलेली उभी काठी, दुमजली घराच्या गच्चीवरच्यालाही मान वर करून बघावी लागेल एवढी उंच. ती एका वेळी एक माणूस कमरेशी तोलून चालतो. भोवती साथीदार असतात, पण भार त्याचाच. अंगावर पांढरी बाराबंदी, पाय अनवाणी.

इथं माझ्यातली मास्तरीण गप्प बसत नाही. एवढी उंच काठी तोलायची कशी, असं सगळे विचारतात. खरं म्हणजे तोलायला उंच काठीच बरी. तळहातावर पेन्सिल उभी करून बघा, लगेच पडेल. मग झाडूचा लांब दांडा उभा करून बघा, तो सावकाश कलतो, हात सरकवायला सवड देतो. नंदीध्वजाचंही तेच. फक्त इथं हाताच्या जागी माणसाचे पाय असतात आणि चूक सावरायची ती पायांनीच. म्हणून पेलणाऱ्याची नजर सतत वर, शेंड्याला. शेंडा जिकडं झुकेल तिकडं पाऊल. खाली रस्त्यावर खडी आहे की खिळा आहे, हे त्याला दिसत नाही. जानेवारी असला तरी सोलापूरचा डांबरी रस्ता दुपारी तापतोच. तर बायका रस्त्यावर आणि त्याच्या पायांवर पाणी ओततात. मीही ओतते. जवळून बघितलं तर त्या पायांच्या टाचा भेगाळलेल्या असतात, बोटं रस्ता पकडायला बघत असतात, पिंढऱ्या थरथरतात. पाणी पडलं की बोटं क्षणभर सैल होतात. याला देव कशाला लागतो? रस्ता तापलेला आहे आणि माझ्या घागरीत पाणी आहे, एवढं पुरतं.

यावर भाचा म्हणतो, मावशी, हे उत्तर नाही, ही पळवाट आहे. एरवी रस्त्यावर डांबर ओतणारे मजूरही उन्हातच असतात, त्यांच्या पायांवर कोण पाणी ओततं? बरोबर बोलतो तो. कॅलेंडरनं आठवण करून दिल्याशिवाय आम्हाला कणव येत नाही, हे खरंच आहे. पण मी म्हणते, निदान कॅलेंडर तरी आठवण करून देतंय. नाताळात आमच्या गल्लीतल्या ख्रिस्ती कुटुंबाकडून करंज्या-चकल्यांचं ताट येतं. दिवाळीत आमच्याकडून गेलेलं ताट रिकामं परत करायचं नाही, म्हणून. वर्षातल्या बाकीच्या दिवशी आमच्यात नळाच्या पाण्यावरून काय काय बोलणं होतं ते इथं लिहीत नाही. तरी ताट चुकत नाही. सगळं मनापासूनच आलं पाहिजे असा हट्ट धरला, तर सोलापुरात बरीच ताटं रिकामी राहतील.

श्रद्धेचं आणि चांगल्या कामाचं हे भांडण नवं नाही. खुद्द सिद्धरामांनाही तो प्रश्न विचारला गेला होता. शरणांच्या, म्हणजे बसवण्णांच्या वाटेनं गेलेल्या शिवभक्तांच्या, परंपरेत गोष्ट सांगतात. सोन्नलगीत तळ्याचं काम चाललेलं, लोक माती-दगड वाहतायत, सिद्धराम त्यात बुडालेले. तिथं अल्लमप्रभू, त्याच काळातले मोठे शरण, आले आणि कामकऱ्यांना खिजवून म्हणाले, तुमचा तो वड्ड सिद्धराम कुठं आहे? वड्ड म्हणजे दगडमाती खणणारा. लोक चिडले, दगड घेऊन धावले. पुढं दोघांचा मोठा वाद झाला. अल्लमप्रभूंचं म्हणणं असं, की तळी खणून, देवळं बांधून मुक्ती मिळत नाही. ‘हे मी केलं’ एवढं मात्र मागं राहतं. सिद्धरामांना ते पटलं. ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणला, म्हणजे कर्नाटकातल्या आजच्या बसवकल्याणला, गेले, बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून दीक्षा घेतली, पुढं शरणांच्या चर्चासभेचे, अनुभव मंटपाचे, प्रमुखही झाले.

मलाही अल्लमप्रभू पटतात. गड्ड्यात पाणी वाटपाचे मंडप बघा. पाण्याच्या पिंपापेक्षा नेत्याचा फोटो मोठा, खाली सौजन्य म्हणून अर्ध्या वॉर्डाची नावं. १२व्या शतकात फ्लेक्स नव्हता तरी अल्लमप्रभूंना तो दिसला होता, असं मला दर वर्षी वाटतं. पण सिद्धराम कल्याणला गेले म्हणून कुणी तळं बुजवलं नाही. खणणाऱ्याला त्यातून काय मिळालं, मुक्ती की अहंकार, हा हिशेब त्याच्यापाशी राहिला. गावाला तळं मिळालं. आजच्या त्या पाण्याबद्दल न बोललेलं बरं, पण तो दोष खणणाऱ्यांचा नाही, आमचा आहे.

नंदीध्वजापुढं उभं राहायला मला आवडतं ते यासाठीही. पेलणारा वर बघत असतो. कोण पाणी ओततंय हे त्याला कळत नाही, कळायची गरजही नाही. बाई देव मानतात की नाही, कुठल्या जातीच्या, कुठल्या गल्लीतल्या, हे विचारायला तिथं कुणाला सवड नसते.

जानेवारीचंच निघालं म्हणून सांगते. आमचे चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेले, म्हणजे याच यात्रेच्या दिवसांत. कोण कुठल्या देवाला हात जोडत होता, हे इंग्रजांनी फास देताना बघितलं नाही आणि त्यांनीही एकमेकांना विचारत बसल्याचं ऐकिवात नाही. पुतळ्यांपाशी मी वर्गाला घेऊन जायची तेव्हा मुलं फक्त तारीख पाठ करायची. असो.

यात्रेतलं सगळंच मला मानवतं असं समजू नका. अक्षतांची कथा तुम्हाला ठाऊक असेल. एक कुंभारकन्या रोज सिद्धरामांच्या कुटीपुढं सडा-रांगोळी करायची. तिनं लग्नाचा हट्ट धरला. हे योगी, लग्न करणार नाहीत. म्हणून म्हणाले, माझ्या योगदंडाशी लग्न कर. ते लग्न आम्ही दर वर्षी लावतो. कट्ट्यावरून संमतीची वचनं म्हटली जातात, “सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम” कानावर आलं की हजारो हात एकदम तांदूळ उधळतात. तेवढं मला फार आवडतं. नकार द्यायचाच होता, पण सडा घालणाऱ्या पोरीला दारातून हाकलून दिलं नाही. नाही म्हणण्याची इतकी अदबशीर रीत आमच्या घराघरातल्या स्थळं बघणाऱ्यांनी शिकावी.

पण वर्गातल्या मुली पुढचं विचारायच्या, “बाई, मग तिचं काय झालं?” होमाच्या रात्री तिची प्रतिकृती हिरवी साडी नेसवून अग्नीत देतात. मी त्या रात्री जात नाही. माझ्या सासूबाई, ज्यांनी मला पहिल्यांदा मिरवणुकीत नेलं, त्या जायच्या आणि पदरानं डोळे टिपत परत यायच्या. मी येत नाही म्हटल्यावर त्यांनी एकदाच विचारलं, “का गं?” मी म्हटलं, मला तिचं वाईट वाटतं. त्या म्हणाल्या, “मग मी काय हसायला जाते होय?” त्यानंतर त्यांनी कधी आग्रह केला नाही, मीही त्यांना अडवलं नाही. आमच्या घरातला श्रद्धेवरचा एवढाच काय तो संवाद, आणि तो दोघींनाही पुरला.

कोविडच्या काळात, २०२१ साली, मोजक्या मानकऱ्यांत विधी उरकले गेले आणि आम्ही घरीच राहिलो. तेव्हा मला देवाची उणीव भासली नाही, माणसांची भासली. हे ऐकून एका भक्तिणीनं मला सुनावलं, की दोन्ही एकच आहे. मला एकच वाटत नाही. पण भोगीच्या दिवशी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी समोर असताना, कोण वाद घालत बसणार.

तर नवस नाही, पश्चात्ताप नाही, म्हातारपणी देव आठवला असंही नाही. डिसेंबरात पोरं नंदीध्वज पेलायचा सराव करायला लागली की मी माळ्यावरची पितळी घागर काढून चिंचेनं घासते, एवढीच माझी पूर्वतयारी. यंदा शेजारची सून म्हणाली, मीही येते. तिला सांगितलंय ते तुम्हालाही सांगते. प्लास्टिकच्या बाटल्या आणू नका, त्या पायाखाली येतात. तांब्या आणा. रांगोळीच्या कडेनं उभं राहा, पोरींनी रात्र जागवलेली असते. आणि पाणी बेतानं, पायांवर ओता. रस्त्यावर थारोळं झालं तर पेलणाऱ्याचा पाय घसरेल.