कंत्राटावर नवी मुंबईत: स्टाफ नर्सचा पावसाळी मुक्काम

पावसाळा लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या हॉस्पिटलांना सिस्टर कमी पडतात. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस), वर गॅस्ट्रो. वॉर्ड भरायला लागतात ते पार नवरात्रापर्यंत. मग एजन्सीचे फोन गावाकडे येतात: "पावसाळ्यापुरत्या याल का? राहायचं बघू." मलाही असाच फोन आला आणि मी कराडहून गेले. अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स ही रुळलेली पद्धत आहे. साधारण 13 आठवड्यांचं कंत्राट आणि बहुतेकदा राहण्याचा भत्ताही. आपल्याकडे अजून घडी बसलेली नाही. एजन्सी, हॉस्पिटल आणि आपण असा तिघांचा मामला असतो आणि कोणाची जबाबदारी कुठे संपते ते आपणच विचारून घ्यावं लागतं. पुढच्या पावसाळ्यात ज्यांना जायचंय त्या मुलींसाठी आणि ब्रदर मंडळींसाठी, म्हणजे पुरुष नर्सेससाठी, हे लिहिते.

माझं ठाम मत आधीच सांगते. पगाराची घासाघीस नंतर, आधी खोली ठरवा. आणि खोली ठरवताना भाड्याच्या आधी नाइट करून परतायचा रस्ता बघा. बारा तासांची नाइट, त्यावर हँडओव्हर (पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवणं), आणि मग दोन वाहनं बदलून घर. असे चार दिवस काढलेली सिस्टर पाचव्या रात्री ड्रिपचा हिशोब दोनदा करते तरी तिची खात्री पटत नाही. खोली लांब असली की त्याचा भार शेवटी पेशंटवर येतो.

माझं हॉस्पिटल नेरूळ-बेलापूर पट्ट्यात होतं. एजन्सीने तळोज्याला शेअरिंगमधली जागा सुचवली. तिकडे भाडं कमी, आणि नोव्हेंबर 2023 पासून बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्यामुळे खारघर-तळोज्याची सोयही झाली आहे. जनरल, म्हणजे फक्त दिवसाची ड्यूटी असेल तर जरूर घ्या. पण रोटेशन, म्हणजे पाळ्या बदलत असतील तर इव्हनिंग सुटून, हँडओव्हर देऊन, कपडे बदलून निघेपर्यंत किती वाजतात ते आपल्याला माहीत आहे, आणि मेट्रो रात्रभर चालत नाही. मी कोपरखैरण्याला खोली घेतली.

कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथे माथाडी कामगारांची मोठी वस्ती. बाजारपेठेत ओझी वाहायला सातारा-सांगलीकडून आलेली ही माणसं. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं आणि पुढे घरंही झाली. त्यामुळे आपल्या भागातून जाणाऱ्या मुलीला तिथे परकं वाटत नाही. माझ्या घरमालकीण काकू पाटण तालुक्यातल्या. वरची खोली मला दिली होती. नाइट करून आले की खालूनच हाक यायची, "भाकरी झाकून ठिवलीया, आदी आंगूळ कर." ओळखीतून, गावच्या मंडळातून खोली शोधाल तर ब्रोकरेजही वाचतं आणि मुलीच्या घरच्यांनाही धीर येतो. गावठाणातल्या चाळींतही खोल्या मिळतात, स्वस्तात; मात्र पावसाळ्यात तळमजला घेऊ नका आणि पाणी किती वाजता येतं ते आधी विचारा. सकाळी सहा ते सात येणारं पाणी नाइटवाल्या बाईच्या उपयोगाचं नाही.

करार 11 महिन्यांचा करायची पद्धत आहे, आपल्याला मात्र तीन-चार महिनेच राहायचं असतं. म्हणून लिव्ह अँड लायसन्समध्ये, म्हणजे भाडेकरारात, एक महिन्याची नोटीस देऊन निघता येईल आणि डिपॉझिट पूर्ण परत मिळेल, असं स्पष्ट लिहून घ्या. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि ती नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, तेव्हा "थोड्या दिवसांसाठी कशाला" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

आता लोकल. ठाणे ते नेरूळ-पनवेल ही ट्रान्स हार्बर लाइन आपल्या रोजच्या कामाची. कोपरखैरण्याला इंडिकेटर बघूनच चढा. वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते; नेरूळ किंवा पनवेल लिहिलेली गाडी जुईनगरवरून जाते, ती आपली. वाशीच्या गाडीत बसलात तर सानपाड्याला उतरून हार्बरची पनवेल गाडी धरा. महिन्याचा पास काढा. रविवारी दिवसा मेगाब्लॉक असतो, कधी हार्बरवर, कधी ट्रान्स हार्बरवर. रविवारची इव्हनिंग लागली असेल तर शनिवारीच बघून ठेवा. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत गाड्या बंद, म्हणून रात्री उशिरा सुटणाऱ्यांना हॉस्पिटलची गाडी घरापर्यंत सोडते की नुसती स्टेशनपर्यंत, हे रुजू होण्याआधी विचारा. धो-धो पावसात लोकल थांबली तर पुढची सिस्टर येईपर्यंत तुम्हाला थांबावं लागणार. बॅगेत कायम एक जोडी कोरडे मोजे, एक सुटं युनिफॉर्म आणि खायला काहीतरी ठेवा. साचलेल्या पाण्यातून चालत यावं लागलं आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोच्या गोळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. पेशंटला आपण हेच सांगतो. स्वतःच्या बाबतीत मात्र चालढकल होते.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू असली पाहिजे. नूतनीकरण संपत आलं असेल तर निघण्याआधी करा. बीएलएसचं (प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं) सर्टिफिकेट दोन वर्षंच चालतं, तारीख बघा. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस सहा महिन्यांत पसरलेले असतात, त्यामुळे ते आयत्या वेळी होत नाहीत. ओरिजिनल सर्टिफिकेट दाखवायची, झेरॉक्स द्यायची, ओरिजिनल कोणाच्याही कपाटात ठेवायची नाहीत. एजन्सी गोड बोलली तरी नाही.

नेमणूकपत्रात मालक कोण लिहिलाय ते वाचा, एजन्सी की हॉस्पिटल. पगार हातात किती येणार ते विचारा. पीएफचे 12 टक्के आपले, तेवढाच वाटा मालकाचा; काही ठिकाणी दोन्ही वाटे आपल्याच आकड्यातून कापतात. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं, त्याचा नंबर पहिल्याच महिन्यात मागून घ्या. आणखी एक गोष्ट प्रत्येक सिस्टरला माहीत हवी. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या पगाराची शिफारस केली होती. 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार, 100 च्या वर असतील तर त्यापेक्षा फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 असतील तर फार तर 25 टक्के कमी, आणि 50 पेक्षाही कमी खाटा असल्या तरी किमान 20,000. ती शिफारसच राहिली, अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली आणि बहुतेक ठिकाणी तिचा पत्ता नाही. याचा मला मनापासून राग आहे. पण बोलणी करताना हे आकडे तोंडावर असले की समोरचा माणूस सरळ बोलतो, हा माझा अनुभव.

वॉर्डवर कंत्राटी सिस्टरला रिलिव्हर, म्हणजे बदली म्हणून फिरवतात, आज मेडिकल, उद्या सेमी-प्रायव्हेट, परवा एचडीयू (आयसीयूच्या खालोखाल देखरेखीचा विभाग). पहिल्या दिवशी कोणी सांगायची वाट बघू नका. क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ट्रॉली) कुठे, सक्शन चालतं का, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुठे, कोड ब्लूला, म्हणजे पेशंटचं हृदय किंवा श्वास थांबला तर, इंटरकॉमवर कुठला नंबर, पोटॅशियम क्लोराइडच्या ॲम्प्युल कुठल्या कपाटात कुलपात आहेत, हे हजेरी लावल्यावर लगेच बघून घ्या. प्रत्येक हॉस्पिटलचा इन्फ्युजन पंप (ठरलेल्या वेगाने ड्रिप सोडणारं यंत्र) वेगळा. इन्चार्ज सिस्टरकडून एकदा हाताने लावून घ्या. जे काम केलेलं नाही ते ड्यूटी वाटतानाच "मी केलेलं नाही, सोबत कोणीतरी हवं" असं सांगा. मामा आणि मावशींशी, म्हणजे वॉर्डबॉय आणि आयांशी, पहिल्या दिवसापासून नीट बोला. कुठली वस्तू कुठे मिळते आणि कुठला डॉक्टर फोन उचलतो, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. पेशंटला वापरलेली सुई टोचली तर लपवू नका. साबण-पाण्याने धुवा, दाबून रक्त काढू नका, ताबडतोब कळवा. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायची औषधं शक्य तर दोन तासांत सुरू व्हावी लागतात आणि 72 तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. कंत्राटी आहे म्हणून हा उपचार कोणी नाकारू शकत नाही, हे ठामपणे बोला.

तिथे डेंग्यूचे इतके पेशंट बघितले की एक गोष्ट सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. नातेवाइकांचा सगळा जीव प्लेटलेटमध्ये अडकलेला असतो. आकडा किती, पपईचा रस चालेल का, रक्त कधी चढवणार. एका रात्री घणसोलीचा एक कॉलेजमधला मुलगा होता. ताप उतरला म्हणून आई खूश, सकाळी डिस्चार्ज मागायच्या तयारीत. मी बीपी घेतलं, 100/80. वरचा आकडा बघितला तर काळजीचं काही नाही. पण वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर फक्त 20 उरलं होतं. हात धरला तर बोटं गार, नाडी भरभर, संध्याकाळपासून लघवी झालेली नाही, पोट दुखतंय म्हणत होता. डेंग्यूत ताप उतरतानाच खरा धोका असतो. रक्तातलं पाणी नसांतून बाहेर झिरपतं आणि पुढचे 24 ते 48 तास डोळ्यात तेल घालून बघावे लागतात. आरएमओंना (ड्यूटीवरच्या डॉक्टरांना) फोन लावला, आकडे एका दमात सांगितले, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते दाखवणारी तपासणी) पाठवलं, ते वाढलेलं निघालं. सलाइनचा रेट ठरला आणि पहाटेपर्यंत मी दर तासाला बीपी आणि लघवी लिहीत राहिले. दिवस उजाडताना बोटं कोमट झाली. आईने मला तेव्हाही प्लेटलेटच विचारल्या. मी तिला खुर्चीवर बसवून पाच मिनिटं समजावलं. ती पाच मिनिटं काढाच. नातेवाइकाला काय बघायचं ते कळलं की आपल्याला वॉर्डात आणखी दोन डोळे मिळतात.

सुट्टीबद्दल फार लिहीत नाही, कारण ऑफला आपण झोपतोच. मासे आवडत असतील तर बेलापूरजवळच्या दिवाळे गावाच्या कोळीवाड्यात जा, पण भर पावसाळ्यात मासेमारी बंद असते, ताज्या मासळीला नारळी पौर्णिमेच्या आसपासपर्यंत थांबा. खारघरच्या पांडवकडा धबधब्याचा मोह टाळा. पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते आणि माणसं वाहून गेलेली आहेत.

निघताना घाई करू नका. अनुभवपत्रात तारखा, वॉर्डांची नावं आणि ओळीने केलेली कामं लिहून घ्या. "समाधानकारक काम केले" एवढ्यावर पुढची नोकरी मिळत नाही. लॉकरची चावी आणि आयकार्ड परत केल्याची सही घ्या. माझ्या एजन्सीने शेवटचा पगार लांबवला होता. नो ड्यूजवर (काही देणं बाकी नसल्याच्या कागदावर) सही असल्यामुळे आणि हजेरीचे फोटो मी दर आठवड्याला काढून ठेवल्यामुळे तो मिळाला. पीएफचा यूएएन (नोकरी बदलली तरी राहणारा नंबर) तोच पुढे चालवा, नवा काढू देऊ नका. परतीच्या एसटीला महिलांना अर्धं तिकीट आहे, सातारा-कराडच्या बऱ्याच गाड्या नेरूळच्या एलपी स्टॉपला मिळतात. सामान जास्त असेल तर आरक्षण करून ठेवा, गणपतीच्या आठवड्यात तर उभं राहायलाही जागा नसते.